गाडीवानाच्या वेळेचें मोल

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या टापूंत राहणाऱ्या माणसास मालमोटारी दाखवावयास नकोत. पहांटे दार उघडावें तों त्यांचा घरघराट कानीं येतो, व रात्रीं निजण्याच्या वेळींही तो थांबलेला नसतो. परंतु त्या मोटारीच्या चाकामागें बसलेल्या माणसाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. आज त्याच्याविषयीं चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे. प्रश्न साधा आहे. मालवाहतूक करणाऱ्या हुंडेकऱ्यांस चालक मिळत कां नाहींत, आणि मिळाले तरी टिकत कां नाहींत ?

प्रथम या भूमीची स्थिति पाहूं. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आलें, आणि भोसरी-चिंचवडच्या माळांवर कारखान्यांची रांग लागली. पुढें हा ओघ चाकणकडे वळला. २००९ सालीं फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तेथें सुरू झाले. १६६० सालीं चाकणच्या संग्रामदुर्गास शाइस्तेखानाच्या फौजेनें वेढा दिला होता व फिरंगोजी नरसाळा यांनीं तो दुर्ग निकरानें लढविला. आज त्याच गांवास मालमोटारींचा वेढा पडलेला दिसतो.

हा वेढा कां पडतो, हें समजून घेतलें पाहिजे. मोटारींचे कारखाने हल्लीं सुट्या भागांचा मोठा सांठा करीत नाहींत. जो भाग ज्या तासाला हवा, त्याच तासाला तो फाटकावर यावा, अशी त्यांची योजना असते. यांत कारखान्याचें भांडवल वांचतें, हें खरें. परंतु पूर्वीं कोठारांत असणारा माल आतां रस्त्यावरील गाडींत असतो, आणि त्या फिरत्या कोठाराची राखण चालकास करावी लागते. गाडी लवकर आली तर बाहेर उभी. उशिरां आली तर बोलणीं.

आतां त्याच्या मेहनतान्याकडे वळूं. बहुतेक ठिकाणीं चालकास खेपेप्रमाणें पैसे व वर भत्ता मिळतो. म्हणजे चाकें फिरलीं तर कमाई, थांबलीं तर कांहीं नाहीं. चाकणहून न्हावा-शेवा बंदर शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर आहे. रस्ता मोकळा असेल तर हें चार-पांच तासांचें काम. परंतु माल भरण्याची वाट पाहणें, कागदपत्रांची वाट पाहणें, बंदराच्या रांगेंत उभें राहणें, यांत दिवस जातो व पुष्कळदां रात्रही जाते. माझा एक जुना विद्यार्थी हेंच काम करतो. तो मला म्हणाला, “गुरुजी, गाडी हांकण्याचा शीण झोपेनें जातो, उभें राहण्याचा जात नाहीं.” माझ्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म या वाक्यांत आहे.

मालक मंडळींचा नेहमींचा उपाय म्हणजे उचल देणें. चार पैसे अगाऊ दिले कीं माणूस बांधला गेला, असें त्यांस वाटतें. परंतु कर्जानें बांधलेला माणूस दुसऱ्यानें अधिक उचल दिली कीं तिकडे जातो. अमेरिकेचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. २०१० नंतरच्या दशकांत तेथील मोठ्या वाहतूक कंपन्यांतून वर्षभरांत सोडून जाणाऱ्या चालकांचें प्रमाण अनेकदां शेंकडा नव्वदच्या आसपास होतें. त्यांतील पुष्कळ जण हा धंदा न सोडतां केवळ मालक बदलीत होते. म्हणजे माणसांचा दुष्काळ जितका बोलला जातो तितका नसून, माणूस टिकेल अशा वागणुकीचा दुष्काळ अधिक आहे.

मोटार-वाहतूक कामगारांसाठीं आपल्या देशांत १९६१ सालीं कायदा झाला. दिवसास आठ तास, आठवड्यास अठ्ठेचाळीस तास, आणि पांच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांति, असें त्यानें सांगितलें. पुढें तो २०२० च्या श्रमसंहितेंत समाविष्ट झाला. परंतु जुना कायदा पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांनाच लागू होता, व आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच फार. म्हणून माझी पहिली सूचना अशी कीं, गाडी फाटकाशीं आली ती वेळ व सुटली ती वेळ पावतीवर लिहिली जावी, आणि ठराविक अवधीनंतरच्या प्रत्येक तासाचे पैसे चालकाच्या हातीं पडावेत. ते ज्यानें खोळंबा केला त्यानें द्यावेत. उभ्या गाडीचा तास कारखान्याच्या खर्चांत चढूं लागला, म्हणजे फाटक आपोआप लवकर उघडूं लागेल.

दुसरी गोष्ट घरीं परतण्याची. जुन्या काळचे लमाण व वंजारी बैलांच्या पाठीवर धान्य लादून देशभर फिरत, परंतु त्यांचीं बायकामुलें तांड्यांत बरोबर असत. आजच्या चालकाचा तांडा एकट्याचा असतो. पूर्वीं डाकचौकीवर घोडे बदलीत, तसे टप्प्यावर चालक बदलण्याची रीत गुरुग्रामच्या रिव्हिगो या कंपनीनें २०१४ नंतर चालविली. चालकानें चार-पांच तास गाडी न्यावी, ती दुसऱ्याच्या हवालीं करावी, आणि उलट दिशेची गाडी घेऊन घरीं यावें. ही रीत खर्चाची आहे, व त्या कंपनीचा मुख्य व्यवसाय २०२२ सालीं महिंद्र लॉजिस्टिक्सकडे गेला. परंतु ज्या मार्गावर रोज दोन्ही दिशांनीं गाड्या धांवतात, तेथें ती करून पाहण्याजोगी आहे. जेथें तें शक्य नसेल तेथें निदान घरीं जाण्याचा दिवस अगोदर ठरवून द्यावा व तो मोडूं नये.

तिसरी गोष्ट मानाची. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असावी, असा नियम झाला. तो स्वागतार्ह आहे. परंतु कारखान्याच्या फाटकाशीं शौचकूप, स्नानास पाणी व पाठ टेकण्यास छप्पर नसेल, तर तेवढ्या गारव्यानें काय होणार ? तसेंच, जानेवारी १९२४ नव्हे, अगदीं अलीकडे जानेवारी २०२४ मध्यें, अपघातानंतर पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या कलमाविरुद्ध देशभर चालकांनीं गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजीं नवी न्यायसंहिता अमलांत आली तेव्हां तें कलम स्थगित ठेवण्यांत आलें. कलमाच्या योग्यायोग्यतेंत मी शिरत नाहीं. अपघाताच्या वेळीं मालक वकील देईल व घराकडे पाहील, हा भरंवसा असेल तर चालक जमावास भिऊन पळण्याऐवजीं पोलिसांस कळवील, इतकेंच मला म्हणावयाचें आहे.

शेवटीं शाळामास्तराच्या अधिकारांतली एक गोष्ट. पूर्वीं प्रत्येक गाडीवर क्लीनर असे. तो उस्तादाच्या शिव्या खात, चाकें बदलीत, पांच वर्षांत पक्का चालक होई. खर्च वांचविण्यासाठीं पुष्कळांनीं क्लीनर काढून टाकला, व त्याबरोबर ही शाळाच मोडली. मालवाहनाचा परवाना विसाव्या वर्षाच्या आंत मिळत नाहीं. मुलगा शाळेंतून सोळाव्या-अठराव्या वर्षीं बाहेर पडतो. मधल्या काळांत तो दुसऱ्या कामास लागतो व परत येत नाहीं. हुंडेकऱ्यांनीं अठरा वर्षांच्या मुलांस वेतन देऊन जुन्या चालकांच्या हाताखालीं ठेवावें, व भोसरीस १९६७ पासून असलेल्या केंद्रीय सडक परिवहन संस्थेसारख्या ठिकाणच्या शिक्षणाचा लाभ त्यांस द्यावा. शिकविणाऱ्या जुन्या चालकासही त्याबद्दल चार पैसे अधिक मिळावेत.

श्रोतेहो, यांतील एकही उपाय अलौकिक नाहीं. कारखान्याच्या घड्याळांत मालाचा मिनिट मोजला जातो. त्याच घड्याळांत तो माल आणणाऱ्याचा तास मोजला जावा, एवढीच मागणी आहे. ज्या मालकाच्या वहींत तो तास लिहिला जाईल, त्याच्या दारीं चालक स्वतः होऊन येतील, आणि येतांना आपल्या गांवचा आणखी एक घेऊन येतील.