शिक्षकाची सनद



मालवणच्या या सागरतीरी भरलेल्या शिक्षकांच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा प्रसंगी स्वतःच्या अपात्रतेचा उच्चार करण्याचा प्रघात आहे. तो मी पाळीत नाही, कारण तसे करणे म्हणजे आपल्या निवडीचाच अधिक्षेप होईल, आणि हाताशी असलेला वेळ मला आपल्याच जिल्ह्यात झिजलेल्या एका शिक्षकाच्या स्मरणासाठी हवा आहे.

सांगलीस 1898 साली जन्मलेला, फर्ग्युसन महाविद्यालयात विद्यार्जनासाठी गेलेला, परंतु सावंतवाडी संस्थानातल्या चुलत्यांना दत्तक गेल्यावर ज्याचा पदवीचा अभ्यास अर्ध्यावरच राहिला, असा एक तरुण 1920 साली वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे गावी, बावडेकरांच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाला. त्याचे नाव विष्णु सखाराम खांडेकर. विद्वत्तेचा आणि लौकिकाचा बाजार पुण्यामुंबईस भरत असता, मिठागरांच्या आणि माडांच्या त्या गावात ते 1938 पर्यंत राहिले, मुख्याध्यापक झाले. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या 1934 सालच्या कादंबऱ्या याच वास्तव्यात प्रसिद्ध झाल्या. 1930 च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह शिरोड्यास झाला, तेव्हा इतिहास हा विषय पुस्तकातून उठून शाळेच्या वेशीपर्यंत आला होता.

खांडेकरांचे वेगळेपण मी कशात मानतो? केवळ त्यागात नव्हे. अल्प वेतनावर राबलेले शिक्षक त्या काळी गावोगावी होते. ज्या गावाला सुशिक्षित माणूस बदलीच्या अर्जापुरताच ओळखतो, त्या गावाकडे त्यांनी अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले. भोवतालचे दारिद्र्य, कष्टकऱ्यांचे जिणे आणि रूढीच्या जाचात पिचलेली माणसे त्यांच्या लेखनात उतरली, आणि सकाळी वर्गात बोलणारा माणूस व रात्री लिहिणारा माणूस यांत अंतर उरले नाही. आपण जेथे उभे आहोत ती भूमी ज्ञानाला अपात्र नाही, ही श्रद्धा ज्याच्या ठायी आहे त्याचाच प्रभाव विद्यार्थ्यांच्या मनावर चिरकाल टिकतो, असे माझे नम्र प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाला माझ्या बालपणीचा एक दाखला आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या प्राथमिक शाळेतील एक गुरुजी अपूर्णांकांचा पाठ फळ्यावर न घेता, रापणीचे जाळे ओढून झाल्यावर आम्हांला थेट पुळणीवर नेत. जाळ्याचा वाटा किती, होडीचा किती, दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा किती, हे मासळीचे ढीग मांडले जात असतानाच ते विचारीत, आणि वर्गात मान खाली घालून बसणाऱ्या गाबिताच्या मुलाकडे वळून म्हणत, “तुझ्या बापाशीक किती वाटे गावले, ता सांग बघू.” तो मुलगा बोटे न मोडता तत्काळ उत्तर देई, आणि आम्ही पाटी-पेन्सिलवाले अद्याप हातच्यातच अडकलेले असू. गणित आपल्या घरात पूर्वीपासून आहे, हे तेथे त्या मुलाला उमगले. शाळेची भीती त्याला पुन्हा कधी वाटली नाही. पुढे शाळाखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीस आले, तेव्हा विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेण्याची पूर्वमंजुरी घेतलेली नाही, असा शेरा मात्र दप्तरी दाखल झाला.

नियमांची हेटाळणी करण्याचा माझा हेतू नाही. वशिल्याने शिक्षक नेमले जाऊ नयेत म्हणून पात्रतेच्या अटी आल्या, आणि त्या इष्टच आहेत. तथापि पदवीवाचून राहिलेल्या त्या शिरोड्याच्या मास्तरांचा अर्ज आजच्या छाननीत पहिल्याच टेबलावर नामंजूर झाला असता, हे सत्य आपण डोळ्यांआड करू नये. त्यांना 1974 साली ज्ञानपीठ पुरस्कार लाभला, आणि तो मिळविणारे ते पहिले मराठी लेखक ठरले. 2003 सालचे ज्ञानपीठ ज्यांना मिळाले ते विंदा करंदीकर देवगड तालुक्यातील धालवलीत जन्मलेले, आणि तेही अध्यापकच. यावरून प्रत्येक शिक्षकाने ग्रंथकार व्हावे असा निष्कर्ष कोणी काढू नये. अध्यापन आणि भोवतालाचे चिंतन या दोहोंना एकाच माणसात नांदू देणारी सवड शाळेने ठेवली पाहिजे, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

ही सवड आज कोठे आहे? माहितीचे तक्ते, मागविलेले अहवाल, निवडणुकीची आणि गणनेची कामे यांनी शिक्षकाचा दिवस इतका व्यापलेला आहे की, मुलाचे नाव हजेरीपटावर ज्ञात असते आणि त्याचा बाप समुद्रावर जातो की काजूच्या बागेत मजुरीस जातो, हे ज्ञात नसते. म्हणून या व्यासपीठावरून शासनाकडे आणि संस्थाचालकांकडे माझी एकच मागणी आहे: आठवड्यातून एक तास वेळापत्रकाच्या बंधनातून मुक्त करावा, तो कसा व कोठे घ्यावा हे सर्वस्वी शिक्षकाच्या विवेकावर सोपवावे, आणि त्याचा अहवाल कोणीही मागू नये. शिक्षक बंधुभगिनींकडेही एक याचना आहे; तो तास मिळाला, तर तो राहिलेला अभ्यासक्रम पुरा करण्यात खर्ची घालू नका. या आशयाचा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात आपण एकमताने संमत कराल, अशी आशा आहे.