स्त्री, मूत्रपिंड आणि हृदय : स्वागताध्यक्षीय भाषण

मूत्रपिंडरोपणाचा देशातील पहिला प्रयत्न 1965 साली मुंबईतील के.ई.एम. रुग्णालयात झाला, त्यामुळे मूत्रपिंडविकारांवरील चर्चा या शहराला नवी नाही. मात्र या विकाराने ग्रासलेल्या स्त्रियांच्या हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा स्वतंत्र विचार करण्यासाठी परिषद भरावी, याला बराच उशीर झाला आहे.

मूत्रपिंड आणि हृदय यांचे नाते वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. लंडनच्या गाइज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांचे हृदय वाढलेले असल्याची नोंद 1836 मध्येच केली होती. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात रक्त गाळण्याची क्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ घटलेली असते किंवा लघवीतून प्रथिने जात राहतात; अशा कित्येक रुग्णांना डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने मृत्यू गाठतो. पाळी चालू असलेल्या वयात स्त्रीला हृदयविकाराचा धोका समवयस्क पुरुषापेक्षा कमी असतो, हा सर्वसाधारण नियम. पण मूत्रपिंडे निकामी होत जातात तसा तो लागू पडेनासा होतो आणि डायलिसिसवरील तरुण स्त्रीला त्याचा आधार फारसा उरत नाही.

असे का होते, याचे एक उत्तर इस्ट्रोजेन या संप्रेरकाकडे बोट दाखवते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवून वाहिनी सैल होते आणि या क्रियेला इस्ट्रोजेनची मदत असते. परंतु मूत्रपिंडविकारात मेंदूकडून बीजकोशांना मिळणाऱ्या संदेशांची लय बिघडते, प्रोलॅक्टिन वाढते, पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि रजोनिवृत्ती लवकर येते. मग बाहेरून इस्ट्रोजेन द्यावे, हा निष्कर्ष सोपा वाटला तरी घाईचा ठरेल. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके दिल्याने हृदयाचे रक्षण होईल, या अपेक्षेची परीक्षा पाहणारी अमेरिकेतील मोठी चाचणी 2002 मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत फायद्यापेक्षा तोटाच अधिक दिसला. शिवाय फॉस्फेट वाढल्याने धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचणे आणि शरीरात सतत धुमसणारा दाह यांचा वाटा वेगळा काढून दाखवणे अजून बाकी आहे.

रक्तवाहिनीच्या अस्तराची तपासणी दिसायला साधी असते. हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटे रक्तप्रवाह रोखायचा, पट्टा सैल करायचा आणि दंडातील धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने मोजायचे. पण हे मोजमाप पाळीच्या चक्रानुसार बदलू शकत असल्याने तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी झाली हे नोंदवावे लागते आणि ही कटकट टाळण्यासाठी अनेकदा स्त्रियांनाच अभ्यासातून वगळले गेले. औषधांच्या चाचण्यांतही फारसे वेगळे चित्र नाही. 2019 ची क्रेडेन्स आणि 2020 ची डॅपा-सीकेडी या मूत्रपिंडविकारावरील गाजलेल्या चाचण्यांत स्त्रिया जेमतेम एक तृतीयांश होत्या, वास्तविक जगभरात हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

दवाखान्यातही हा विकार नजरेतून सुटतो. मूत्रपिंडांचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होणारे द्रव्य असून स्त्रियांत स्नायूंचे प्रमाण कमी असल्याने एकाच आकड्याचा अर्थ स्त्री-पुरुषांच्या बाबतीत वेगळा होतो. साठ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन 1.2 आले, तर गाळणक्षमता काढण्याच्या 2021 च्या सूत्रानुसार त्याची क्षमता सुमारे 69 निघते; त्याच वयाच्या स्त्रीची मात्र सुमारे 52, म्हणजे धोक्याची खूण मानल्या जाणाऱ्या 60 च्या खाली. तरीही क्रिएटिनिनचा नुसता आकडा पाहून ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून तिला घरी पाठवले जाते.

गर्भारपणाचा इतिहास हाही दुर्लक्षित धागा आहे. प्रीएक्लॅम्प्सियात गरोदरपणी रक्तदाब वाढतो आणि बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. पहिल्या गर्भारपणात हा त्रास झालेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे पुढे पूर्ण निकामी होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असल्याचे नॉर्वेतील नोंदींवरून 2008 मध्ये दिसून आले. बाळंतपणाचे कागद मात्र एका विभागात आणि मूत्रपिंडाचा केस पेपर दुसऱ्या, असाच बहुतेक ठिकाणचा कारभार आहे. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, ही वस्तुस्थितीही येथे नमूद केलेली बरी. तिचे कारण शरीरशास्त्रात शोधून सापडणार नाही.

या परिषदेत निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाने स्त्रियांचे निष्कर्ष पुरुषांपासून वेगळे काढून मांडावेत, आणि रुग्णालयांतून आलेल्या प्रतिनिधींनी पाळी, बाळंतपणे व रजोनिवृत्तीचे वय हे तीन रकाने मूत्रपिंडाच्या केस पेपरवर छापून घ्यावेत, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.