परमुलखातला संसार

परदेशी संसार थाटणे म्हणजे काय, हे पाहण्यास आम्हां वडसेकरांना समुद्र ओलांडावा लागत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे १९६० नंतरच्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसविली गेली. नदीमुखाकडची ही माणसे. कडेवर मूल, आणि पुढे सागाबांबूचे रान! सरकारने जमीन दिली. पण संसार सातबाऱ्यावर बसत नाही, तो आठवडी बाजारात बसतो. मीठ कोणत्या शब्दाने मागावे? मुलाला रात्री ताप चढला तर शेजारणीस काय म्हणून उठवावे? धानाची बांधी ओळखीची होती, बोडीत मासळी होती. धीर काय तो तेवढाच. पोरे मात्र खेळता खेळता मराठी बोलू लागली, आणि आईची दुभाषी झाली. पुढे काही शाळांतून बंगालीही शिकविली गेली, हे बरेच झाले. आमचे काय? १९८२ साली गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तरी येथेच जन्मलेल्या नातवालाही आम्ही ‘निर्वासित’च म्हणत होतो. तो नातू आज बाजारात आमच्याशी मराठीत घासाघीस करतो, आणि घरी आजीशी बंगालीत बोलतो.