गेलेल्या सोबत्याची साथ

ज्याच्याबरोबर उभा जन्म वाजवलं, तो सोबती निघून गेला तर मागे राहिलेल्यानं काय करावं? कुणी नवा साथीदार शोधतो, कुणी वाद्य गवसणीत घालून ठेवतो. इंग्लंडातल्या एका वृद्ध गिटारवादकानं तिसरीच वाट धरली. तिची हकीगत आज आपल्याला सांगायची आहे.

डेव्हिड गिल्मर हे त्याचं नाव. जन्म १९४६ सालचा, केंब्रिजचा. १९६८ च्या सुमारास तो ‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदात आला. एकेक रचना वीस-वीस मिनिटं फुलवत नेणारी ही मंडळी. त्यांच्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. गिल्मरची बोटं फार धावत नाहीत. तो तार ओढून स्वर असा चढवतो, की आपल्याला मींडेची आठवण व्हावी. त्याच्या शेजारी पियानो-ऑर्गनवर असे रिचर्ड राइट.

२००७ साली गिल्मरच्या घराजवळच्या कोठारात हे दोघे आणि आणखी दोन वादक सहज वाजवत बसले होते. ध्वनिमुद्रण चालू होतं, एवढंच. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, राइट वारला.

६ सप्टेंबर २०२४ रोजी गिल्मरची ‘लक अँड स्ट्रेंज’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तो तेव्हा ७८ वर्षांचा होता. तिच्यातलं त्याच नावाचं गाणं कोठारातल्या त्या बैठकीवरच उभं आहे. राइटचा हात त्यात स्पष्ट ऐकू येतो!

म्हणजे हा सारा जुन्या आठवणींचाच कारभार का? तसं नाही बरं का. निर्माता म्हणून त्यानं चार्ली अँड्र्यू हा तरुण गृहस्थ घेतला. त्याला जुन्या थोरवीचं दडपण नव्हतं. इथं गिटार वाजायलाच हवी का, असं त्यानं सरळ विचारलं, आणि म्हाताऱ्यानं ते मनावर घेतलं. बहुतेक गीतं पत्नी पॉली सॅमसन हिची. विषय वार्धक्य आणि मरण. एक गाणं तर मुलीनं, रोमनीनं, गायलं आहे. हार्पही तीच वाजवते.

सीडीच्या शेवटी ती मूळ बैठक जोडली आहे. जवळजवळ चौदा मिनिटांची. आपण ती आधी ऐका, मग गाणं. गिल्मर वाजवता वाजवता थांबतो आणि त्या जागेत राइट बोलू लागतो. सोबत्यासाठी जागा सोडणं, हीसुद्धा साथच नव्हे काय?