पावसाळ्यापूर्वी गाडीच्या दाराचे रबर तपासा

शेती खात्याचा माणूस आज बियाणे, खत सोडून गाडीच्या दाराविषयी बोलायला कशाला आला, असे तुम्हाला वाटेल. पण मृगाच्या तोंडावर बियाण्याची पिशवी तालुक्याच्या दुकानातून घरी कशातून येते? पूर्वी बैलगाडीतून यायची, वर ताडपत्री असायची. आता पुष्कळ गावांत ती जुन्या जीपमधून, नाहीतर बोलेरोमधून येते. बोलेरो 2000 साली बाजारात आली. त्या सुरुवातीच्या गाड्यांना आता पंचवीस वर्षे होऊन गेली आणि त्यांतल्या कितीतरी हातोहात फिरत आपल्या शिवारात आल्या. इंजिन ठणठणीत असते, वरून रंगही मारलेला असतो. पण दाराच्या कडेचे रबर, ज्याला गॅरेजवाले बिडिंग म्हणतात, ते मात्र वाळल्या शेंगेच्या टरफलासारखे झालेले असते. पाऊस लागला की दारातून पाणी आत येते आणि सीटच्या मागे तळपत्र्यावर साचते. बियाण्याची पिशवी बरोबर तिथेच ठेवलेली असते.

सोयाबीनचे बी किती नाजूक, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्रमाणित बियाण्यात ओलावा बारा टक्क्यांच्या वर नसावा असा दंडक आहे. पिशवीचा तळ रात्रभर पाण्यात राहिला तर तेवढे बी फुगते, टरफल सुटते, आणि पेरल्यावर नांग्या पडतात. मग आपण दुकानदाराला बोल लावतो. युरियाची गोष्ट वेगळी. तो हवेतला ओलावासुद्धा ओढून घेतो, मग खाली पाणी असल्यावर त्याचा दगड व्हायला कितीसा वेळ लागणार! शिवाय सांडलेले खत पाण्यात विरघळून तळपत्र्यात शिरले की पत्रा झपाट्याने गंजतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करायला गाडी दाखवावी लागते, तेव्हा रबरी चटईखाली झाकलेली भोके लपत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती पाण्याहून वाईट. मागच्या दाराचे रबर गेलेले असेल तर धूर आत येतो. गाडी पळत असताना तिच्या पाठीमागे हवेची पोकळी पडते, सायलेन्सरचा धूर त्या पोकळीत ओढला जातो आणि फटीतून आत शिरतो. मागे बसलेल्या पोरांना मळमळते, डोके दुखते. आपण म्हणतो, गाडी लागली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. म्हणून मागच्या दाराचे काम पुढच्या दारांच्या आधी करा.

आता दुरुस्तीकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे नवे रबर आणायला धावू नका. आधी पाणी येते कुठून, ते शोधा. शेतात बांधाच्या खाली पाझर दिसतो एका जागी आणि खेकड्याचे बीळ असते चार हात वर. गाडीचेही तसेच असते. वरच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी आतल्या पत्र्यावरून ओघळत येते आणि पायाशी दिसते.

मे महिन्यात पाऊस नसतो, पण धूळ असते. ती आपल्या कामाची आहे. कच्च्या रस्त्यावरून गाडी नेऊन आणल्यावर दार उघडा आणि चौकट नीट बघा. जिथे रबर घट्ट बसते तिथे पत्रा स्वच्छ राहतो; जिथे फट आहे तिथून धुळीची पिसाऱ्यासारखी रेघ आत गेलेली दिसते. तिथे खडूची खूण करा. मग जुन्या कॅलेंडरचा दोन बोटे रुंद कागद घ्या, तो दार आणि चौकट यांच्यामध्ये धरून दार लावा, आणि कागद ओढून बघा. कागद अडकत अडकत आला तर रबर दाबले जाते आहे. अलगद सुटला तर तिथे रबर असून नसल्यासारखेच. असे वीतभर अंतरावर सगळ्या चौकटीला फिरून पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे.

शेवटी पाणी सोडून खात्री करावी. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाइप धरावा. पाणी जोरात मारू नये, नुसते वाहू द्यावे. आणि बरं का, सुरुवात खालून करावी. खालच्या कडेला दोन-तीन मिनिटे पाणी सोडावे, आत काही आले नाही तर वीतभर वर सरकावे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि भोक कुठले ते कळत नाही.

या तपासणीत पुष्कळदा असे निघते की दोष रबराचा नाहीच. हे थोडे सविस्तर सांगतो, कारण याच ठिकाणी पैसे वाया जातात. दाराच्या काचेवरून ओघळणारे पाणी काचेच्या खोबणीतून दाराच्या पोटात जाते. ते जाणारच, गाडी तशीच बनवलेली असते. त्याच्या निचऱ्यासाठी दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन छोटी भोके ठेवलेली असतात. शेतरस्त्यावरची माती, पालापाचोळा, भुसा यांनी ती बुजतात. निचरा तुंबलेल्या रानात जे होते तेच मग दारात होते. पाणी साचते, चढते आणि आतल्या बाजूने बाहेर पडते. एका शेतकऱ्याने असेच दोन्ही बाजूंना नवे रबर बसवून घेतले होते, तरी पायाखाली पाणी होतेच. तो म्हणाला, "साहेब, रबरच खोटं निघालं." आम्ही सायकलचा जुना आरा घेतला, त्याचे टोक वाकवले आणि दाराखालची भोके मोकळी केली. तांब्या-दीड तांब्या गढूळ पाणी आले, त्यामागून गव्हाचा भुसा. रबर चांगलेच होते!

तेव्हा नवा खर्च करण्याआधी ही भोके शोधा आणि मोकळी करा. तार हलक्या हाताने फिरवावी, नाहीतर आतला रंग खरवडतो आणि गंज सुरू होतो. दाराच्या आतल्या बाजूचा पुठ्ठा ओला लागत असेल तर तो काढून बघावा. त्याच्या मागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. कुणी कधी काच दुरुस्त करताना तो फाडून टाकतो आणि परत लावतच नाही. जाड प्लॅस्टिक कापून तो पुन्हा चिकटवावा. मात्र त्याची खालची कड दाराच्या पोटात सोडावी, म्हणजे त्यावरचे पाणी आतच पडेल. समोरच्या काचेच्या रबरातून आलेले पाणीही पायाशीच उतरते, तेवढे ध्यानात ठेवा. ते काम मात्र काच बसवणाऱ्याचे आहे.

दुसरा दोष दार लोंबण्याचा. दार अर्धे उघडा, मोकळ्या टोकाला खालून धरून वर उचला. बिजागरीत खटखट हलले तर पिन आणि बुश झिजले आहेत. हे असताना नवे रबर घातले तरी वरच्या बाजूला फट राहणारच. पिन-बुश बदलून घ्यावेत. बिजागरी घट्ट असेल आणि तरी दार सैल लागत असेल, तर चौकटीवरची लॉकची कडी थोडी आत सरकवावी. तिच्याभोवती आधी पेन्सिलने रेघ मारा, स्क्रू किंचित सैल करा, एक-दोन मिलिमीटर सरकवून पुन्हा आवळा. जास्त सरकवाल तर दार पहिल्याच टप्प्यावर अडकेल. दार दोन टप्प्यांत लागते; दुसरा आवाज आला नाही तर ते खड्ड्यात उघडू शकते. पाण्यासाठी माणूस गमावू नये.

एवढे पाहिल्यावर मग रबराकडे या. ते साबणपाण्याने धुवा, पुसा, बोटाने दाबा. दाबून परत फुगत असेल आणि नुसते कोपऱ्यात सुटले असेल, तर ते बदलायची गरज नाही. जुना डिंक खरवडून काढावा. घासलेटचा बोळा लावायचाच तर फक्त पत्र्याला लावावा आणि नंतर पत्रा साबणाने धुऊन कोरडा करावा. रबर चिकटवायचे सोल्यूशन रबराला आणि पत्र्याला, दोन्हीकडे पातळ लावावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, आणि बोटाला चिकट पण ओले नाही असे लागले की दाबून बसवावे. लोक घाई करतात, ओल्यावरच दाबतात, मग दुसऱ्या दिवशी ते सुटते. रबर नुसते चिरले असेल तर चिरेत फेविक्विकसारख्या गोंदाचा एक थेंब पुरतो. रबर पत्र्याच्या कडेवर खोचून बसवायचे असेल आणि सैल झाले असेल, तर त्याच्या आतली लोखंडी पट्टी पकडीने हलकेच आवळावी. चिकटवलेले रबर एकाच जागी चेपले असेल तर त्याच्या मागे सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चिकटवावी, तेवढा उठाव येतो.

दाबल्यावर तडे दिसत असतील, चुरा पडत असेल, तर मात्र डागडुजी करू नका. जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून दुकानात न्या. "जीपचं रबर द्या" म्हणून घेतलेले पुष्कळदा जाडीत चुकते. लांबी सुतळीने मोजा. जुने काढल्यावर पत्र्याची कड गंजलेली दिसेल. ती पॉलिश कागदाने घासून, रेड ऑक्साइड लावून, वर रंग देऊन पूर्ण वाळू द्या. हे काम सोडले तर नव्या रबराखाली गंज वाढतच राहतो.

बसवताना खालच्या कडेच्या मध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे सांधा तिथे येतो. सांधा वर किंवा कोपऱ्यात नको. आणि रबर ताणू नका! ताणून बसवलेले रबर आठवड्याभरात आखडते आणि कोपऱ्यातून उचलते. कोपऱ्यात उलट थोडे जास्तच द्यावे. शेवटी टोके कापताना अर्धा सेंटिमीटर लांब ठेवून एकमेकांवर दाबून जुळवावीत. नवे दार पहिले काही दिवस जड लागेल. त्यासाठी लॉकची कडी लगेच बाहेर सरकवू नका. रात्रभर दारे नीट लावून ठेवली की रबर आपल्या जागी बसते.

आपल्याकडे जुगाड फार चालतो, त्याविषयीही सांगतो. ठिबकची काळी नळी कापून रबराच्या पोटात घालणारे मी पाहिले आहेत. ती नळी कडक असते, दाबली जात नाही. दार जोराने आपटावे लागते आणि बिजागरी जाते. एम-सील दगडासारखे होते, ते दाराच्या हालचालीला टिकत नाही. डांबर उन्हात वितळून धोतराला लागते, आणखी काय सांगू! सिलिकॉन भरायचेच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे उघड्या पत्र्यावर लावू नये, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो.

रबर मऊ राहावे म्हणून डिझेल किंवा इंजिनाचे जुने तेल चोपडण्याची सवयही मोडा. दोन दिवस ते मऊ वाटते, मग फुगते आणि सैल होते. औषधाच्या दुकानात ग्लिसरीन मिळते, ते फडक्यावर थोडे घेऊन पुसावे, किंवा टाल्कम पावडर चोळावी. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, एवढे पुरे. गाडी सावलीत उभी करता आली तर उत्तम. कीटकनाशकाचे डबे माणसांच्या आणि बियाण्याच्या शेजारी नेऊच नयेत. तेलकट औषधांतले द्रावक सांडले तर ते रबरही खाते आणि त्याचा वास बंद गाडीत घातक ठरतो. ते डबे बंद पेटीत घालून मागे उघड्या हौद्यात, नाहीतर दुसऱ्या फेरीत आणा.

आणि दुरुस्ती झाली तरी बियाण्याच्या पिशव्या थेट तळपत्र्यावर ठेवू नका. खाली दोन फळ्या टाका.