राहिलेली प्रत

मी काही धंद्याने फोटोग्राफर नव्हे, शाळामास्तर. पगारातून मागे टाकलेल्या पैशांत आगफाचा एक साधा क्लिक थ्री कॅमेरा घेतला आणि छंद जडला. एका रोलवर फोटो बाराच निघत, म्हणून एकेक जपून काढायचा.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या सोलापूर जिल्ह्यात ठिकठिकाणी खडी फोडण्याची कामे निघाली होती. एके दिवशी कॅमेरा घेऊन मी तिथे गेलो. एक बाई हातोडा चालवीत होती, शेजारी चार वर्षांची पोर. फोटो काढला, तशी ती म्हणाली, "गुरुजी, येक आमास्नी बी द्या की. मालक मुंबैला हायेत, त्यास्नी धाडीन."

रात्री दिव्याला तांबडा कागद लावून फोटो केला. फोटो उमटल्यावर तो हायपोच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे तो उजेडात काळा पडत नाही. पण पुढे तो हायपो भरपूर पाण्याने धुऊन काढावा लागतो. तो आत राहिला, तर त्यातले गंधक फोटोतल्या चांदीला हळूहळू खाते. घरात पाणी होते दोन घागरी, तेही टँकरचे. ते फोटोवर कसे ओतायचे? तांब्याभर पाण्यात फोटो आणि निगेटिव्ह बुचकळून काढले आणि बाईंना म्हणालो, "ही घाईची प्रत. पाऊस पडला की चांगली देतो."

पाणी वाचवले याचे मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते पुढचे. १९७३ साली पाऊस चांगला झाला, विहिरी भरल्या. ती निगेटिव्ह पुन्हा धुवायला तासभर पुरे होता. पण मी नव्या फोटोंच्या नादात राहिलो.

पंधरा वर्षांनी ती पोर माझ्या दारात उभी राहिली. शिक्षिका झाली होती. आई वारली होती. हातातला फोटो पिवळा पडलेला. लुगडे दिसत होते, हातोडा दिसत होता, चेहरा मात्र विरून गेला होता. "गुरुजी, दुसरी प्रत निघेल का? आईचा एवढाच फोटो आहे." मी डबा उघडला. निगेटिव्हही डागाळली होती.

त्या पावसाळ्यात मी उरलेल्या सगळ्या निगेटिव्ह पुन्हा धुतल्या, पाकिटांवर नाव, गाव, साल घातले आणि ज्याचा फोटो त्याच्या घरी पोचवला.

आज फोन हातात आहे, फोटोला ना पाणी लागते ना रोल. तरी "पाठवतो हं" म्हणून राहून गेलेले फोटो आपल्यापाशी असतातच. शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, शाळेतल्या मुलांचे फोटो तुम्ही काढता, ते त्यांच्या घरी पोचतात का? आपल्याला तो हजारांतला एक असतो. त्या घरात कदाचित तेवढाच असतो.