बागेतले समाजमंदिर



आज धडा बाजूला ठेवू. आज एक नोटीस वाचू.

ही नोटीस नगरपालिकेच्या फळ्यावर लागली आहे. आम्ही ती उतरवून आणली आहे. बागेतले जुने समाजमंदिर पाडून तेथे नवे बांधावयाचे आहे, असे तिच्यात लिहिले आहे. म्हणजे आता आपण बसलो आहोत तेच हे मंदिर, बरे का! शेवटी म्हटले आहे की, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी कळवाव्यात.

हरकत म्हणजे काय? एखादी गोष्ट पटली नाही, तर ती का पटली नाही ते सांगणे. सूचना म्हणजे काय? काय केले तर बरे होईल ते सांगणे. दोन्ही आपल्याला करता येतात.

आता जरा वर पाहा. छताचा गिलावा पडला आहे. आतली तांबडी सळई दिसते आहे. पावसाचे पाणी स्लॅबमध्ये मुरते. सळई गंजते. गंजली की फुगते, आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. वरून चुना फासला तर डाग झाकेल, गंज थांबणार नाही. सकाळी बालवाडीची पोरे याच छताखाली बसतात. तेव्हा जुने ते सोने म्हणून गप्प बसणे बरे नव्हे.

पण पाडावयाचे की दुरुस्ती चालेल, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. इंजिनिअरने तपासणी केली असेल, तर तिचा अहवाल आपण मागावा. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 साली झाला. साध्या कागदावर अर्ज लिहावा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज उद्याच द्यावा. आणि आपल्या सूचनेतही लिहावे, की आधी अहवाल लोकांना दाखवा.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आपले ऐकतो कोण?

पुण्याची गोष्ट सांगतो. तेथे संभाजी बागेच्या शेजारी बालगंधर्व रंगमंदिर आहे. ते 1968 साली उघडले. पन्नास वर्षांनी, 2018 साली, त्याच्या जागी नवे बांधण्याचा विषय महानगरपालिकेने काढला. लगेच नट बोलू लागले, प्रेक्षक बोलू लागले. कोणी म्हणाले, आहे ते राखा. कोणी म्हणाले, नव्या सोयी पाहिजेत. एकमत झाले नाही, पण गुपचूप काही होऊ शकले नाही.

ती नाटकवाली माणसे. त्यांना बोलण्याची सवय. आपल्या या मंदिरासाठी कोण बोलणार?

येथे आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे. सन 1994 ची गोष्ट. आम्ही तेव्हा शाळेत शिक्षक होतो. पोरे ज्या मोकळ्या जागेवर खेळत, तेथे दुकाने काढण्याची नोटीस लागली होती. आम्ही रोज त्या फळ्यावरून शाळेत जात होतो. नोटीस वाचलीही होती. मनात म्हटले, कोणीतरी लिहीलच. प्रत्येकाने तसेच म्हटले. मुदत संपली. हरकत एकही आली नाही. दुकाने झाली, आणि पोरे रस्त्यावर खेळू लागली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचा दोष नव्हता. आम्हाला येत होते. आम्ही लिहिले नाही.

म्हणून आता विचारावयाचे ते नीट विचारू. बांधकाम चालू असताना बालवाडी कोठे भरेल? हा रात्रीचा वर्ग कोठे भरेल? बचत गटाच्या बायकांनी कोठे बसावे? नवे मंदिर झाल्यावर भाडे किती? गरिबाच्या घरचे बारसे तेथे परवडेल काय? बागेची किती जागा जाईल? मागचा मोठा वड राहील काय? शहरातले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही, असा आपल्या राज्यात 1975 पासून कायदा आहे.

काल आपल्या वर्गातल्या आजींनी पाटीवर आपली सूचना लिहिली. वर्गाची खोली तळमजल्यावर पाहिजे, जिना चढवत नाही. बायकांसाठी संडास पाहिजे. बागेच्या वाटेवर रात्री दिवा पाहिजे. तीनच ओळी. ‘संडास’ लिहिताना अनुस्वार राहिला, तो मागून दिला. नकाशा काढणाऱ्या साहेबाला ही वाट रात्री किती अंधारी असते, हे कसे ठाऊक असणार? ते येथे रोज येणाऱ्यानेच सांगावयाचे.

आता कागद घ्या. वर तारीख घाला. खाली आपले नाव आणि पत्ता लिहा. ज्याला पटत नाही त्याने हरकत लिहावी, ज्याला नवे पाहिजे त्याने तसे लिहावे. आम्ही कोणाला मजकूर सांगणार नाही, फक्त अडलेले अक्षर सांगू. दोन प्रती करा. एक कचेरीत द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. ती पोच. ती जपून ठेवा. उद्या कोणी म्हणाला की लोकांनी काही कळविले नाही, तर ती पुढे ठेवता येते.

आपण लिहिले म्हणजे सारे आपल्या मनासारखे होईल, असे नाही. पण ठराव करणाऱ्यांपुढे आपला कागद असेल.

मुदतीचे बारा दिवस गेले. अठरा उरले आहेत. चला, पेन्सिली काढा.